पाहुणा आलाच नाही तर? : घरी पाहुणे उतरविणाऱ्या शेतकऱ्यांसाठी बुकिंग रद्द होण्याचा हिशेब



गेल्या महिन्यात रेडिओवर कृषी पर्यटनाविषयी बोललो, तेव्हा वेळ दहाच मिनिटांचा होता. त्यानंतर अकोले तालुक्यातून जी पत्रे आणि फोन आले, त्यांत निम्म्याहून जास्त लोकांनी एकच गोष्ट विचारली. "साहेब, पाहुणे बुकिंग करतात आणि ऐनवेळी येत नाहीत. पैसे ठेवून घेतले तर शिव्या देतात, परत दिले तर आमचे नुकसान. करायचे काय?" प्रश्न रास्त आहे. रेडिओवर त्याला दोन वाक्यांत उत्तर देणे बरे नव्हे, म्हणून या पत्रकात सविस्तर लिहितो.

काष्टीच्या किंवा घोडेगावच्या बाजारात आपण जनावर पसंत करतो तेव्हा काय करतो? भाव ठरला की इसार देतो. इसार दिला म्हणजे विकणारा ते जनावर दुसऱ्याला दाखवीत नाही, आणि घेणारा फिरला तर इसार बुडतो. याबद्दल कोणी भांडत नाही, कारण दोघांनाही रिवाज आधीपासून ठाऊक असतो. मुंबई-पुण्याचा पाहुणा तुमच्या घरी खोली धरून ठेवतो, तोही व्यवहार याच जातीचा. फरक इतकाच की इथला रिवाज अजून ठरलेला नाही. तो तुम्हालाच ठरवायचा आहे आणि पाहुण्याला आधी सांगायचा आहे. सगळी भांडणे होतात ती न सांगितल्यामुळे.

खोलीची रात्र हा नाशवंत माल

आपल्याला शेतमालाची भाषा समजते, म्हणून त्याच भाषेत सांगतो. कांद्याला भाव नसला तर चाळीत ठेवता येतो. गहू पोत्यात राहतो. टोमॅटो मात्र थांबत नाही. पण टोमॅटोलासुद्धा दोन-चार दिवस मिळतात. खोलीची रात्र त्याहून नाशवंत. शनिवारची रात्र रविवारी विकता येत नाही. ती रिकामी गेली की गेली.

भंडारदऱ्याच्या आसपास, म्हणजे शेंडी, रतनवाडी, साम्रद, घाटघर या गावांत, आणि कळसूबाईच्या पायथ्याला बारीत हे जास्त जाणवते, कारण तिथली कमाई वर्षभर सारखी नसते. मे महिन्याच्या उत्तरार्धापासून जूनच्या मध्यापर्यंत हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ, उंबर अशा झाडांवर काजवे चमकतात, आणि ते बघायला शहरातली माणसे लोटतात. मोठा पाऊस सुरू झाला की काजवे संपले. म्हणजे हातात खरे शनिवार किती? चार, फार तर पाच. त्यानंतर पावसाळ्यात रंधा धबधबा आणि धरण पाहायला येणारे, हिवाळ्यात सांदण दरीत उतरणारे व रतनगडावर चढणारे. पण भाताची लावणी, बियाणे, पोरांच्या शाळेची फी हे सगळे ज्या घरात काजव्यांच्या पैशावर ठरते, त्या घराला एक शनिवार बुडणे म्हणजे हंगामाचा पाचवा हिस्सा बुडणे. पाहुण्याला ते दिसत नाही. त्याच्या दृष्टीने त्याने फक्त एक फोन केला.

नुकसान नेमके किती? कागद घ्या

पुष्कळ जण "सगळे पैसे ठेवून घेणार" किंवा "जाऊ द्या, देऊन टाकू" असे रागात किंवा भिडेत ठरवतात. दोन्ही चूक. आधी नुकसान मोजा. मी एक नमुना मांडतो. आकडे तुमच्या घराप्रमाणे बदला.

समजा दहा जणांचा गट आहे. राहणे, रात्रीचे जेवण आणि सकाळचा नाश्ता धरून माणशी १,२०० रुपये, म्हणजे एकूण १२,००० रुपये. तुमचा खर्च असा: शिधा, कोंबडी, दूध, भाजी ३,६०० रुपये, मदतीला दोन बाया, त्यांची मजुरी ८०० रुपये, सरपण, गॅस, चादरी धुणे मिळून ६०० रुपये. एकूण ५,००० रुपये. पाहुणे येऊन गेले की हातात उरतात ७,००० रुपये.

आता हाच गट एक महिना आधी "येत नाही" म्हणाला, तर तुमचे नुकसान काय? जवळजवळ काहीच नाही. काजव्यांचा शनिवार आहे, दुसरा गट मिळेल. आठवडाभर आधी म्हणाला, तर दुसरा गट कधी मिळेल, कधी नाही. निम्म्या वेळा मिळतो असे धरा, तर सरासरी नुकसान ३,५०० रुपये. आणि शुक्रवारी संध्याकाळी म्हणाला, तर? शिधा भरून झालेला आहे. त्यातला १,६०० रुपयांचा घरी वापरता येईल, २,००० रुपयांचा वाया जाईल. वर ७,००० ची मिळकत गेली. म्हणजे ९,००० रुपयांचे नुकसान.

पाहा, गट तोच, रक्कम तीच, पण रद्द करण्याच्या दिवसाप्रमाणे नुकसान शून्यापासून ९,००० पर्यंत बदलते. म्हणून परतीचा नियम पायरीपायरीचा असावा. रेल्वेच्या आरक्षणाला हेच तत्त्व आहे. गाडी सुटण्याची वेळ जवळ येते तसतशी कपात वाढत जाते. त्याबद्दल रेल्वेशी कोणी हुज्जत घालत नाही.

वरच्या हिशेबाला शोभेल असा नियम मी सुचवतो. निम्मी रक्कम, म्हणजे ६,००० रुपये, आगाऊ घ्यावी. पंधरा दिवस किंवा त्याहून आधी रद्द केले तर सगळी परत. चौदा ते चार दिवस आधी रद्द केले तर निम्मी, म्हणजे ३,००० रुपये परत. शेवटच्या तीन दिवसांत रद्द केले तर आगाऊ रक्कम परत नाही, मात्र उरलेले ६,००० मागायचे नाहीत. शेवटच्या पायरीवरसुद्धा तुम्ही ९,००० चे नुकसान सोसून ६,००० ठेवता, म्हणजे कोणाच्या खिशात हात घालत नाही. हे पाहुण्याला पटवून देता येते आणि, पुढे सांगतो त्याप्रमाणे, वेळ आली तर ग्राहक आयोगापुढेही टिकण्यासारखे आहे.

साधे दिवस मात्र वेगळे. मंगळवार-बुधवारी खोली रिकामीच असते. तिथे आदल्या दिवसापर्यंत सगळे पैसे परत, असा सैल नियम ठेवला तर उलट चार बुकिंग जास्त येतील. कडक नियम पाहून पाहुणा बिचकतो, हेही खरे आहे. ज्याचे घर नवे आहे, ज्याच्याबद्दल अजून कोणी चांगले लिहिलेले नाही, त्याने पहिल्याच वर्षी फार ताणू नये. हंगामाचे शनिवार, लागून आलेल्या सुट्ट्या आणि ३१ डिसेंबर एवढ्यांनाच कडक नियम लावावा.

गट घेऊन येणारे टूरवाले

घरच्या पाहुण्यापेक्षा जास्त तोटा कुठे होतो? तो गट घेऊन येणाऱ्या टूरवाल्यांकडे होतो. शहरातून जाहिरात करून बसगाड्या भरून आणणारी ही मंडळी. ती धंदा देतात, नाकारण्यात अर्थ नाही. पण त्यांची एक सवय आहे. एप्रिलमध्ये फोन येतो, "दादा, तिन्ही शनिवार चाळीस-चाळीस माणसं धरून ठेवा." आगाऊ रक्कम देतात नावाला, कधी कधी तीही नाही. मग शुक्रवारी संध्याकाळी फोन येतो, "दादा, बावीसच झाली."

रतनगडाच्या पायथ्याकडच्या एका वाडीत मी मागच्या उन्हाळ्यात हे डोळ्यांनी पाहिले. भातशेतीच्या कामासाठी गेलो होतो. घरात सकाळपासून लगबग. घरधनिणीने नागलीचे पीठ दळून आणलेले, कोंबड्या निवडून ठेवलेल्या, मंडपाच्या चादरी दोरीवर. दुपारनंतर फोन लागेना, कारण वाडीत नेटवर्क धड नाही. मुलगा टेकाडावर चढून गेला तेव्हा मेसेज दिसला, चाळिसातली अठरा माणसे कमी. त्याच शनिवारसाठी त्या घराने दोन कुटुंबांना "जागा नाही" म्हणून सांगितले होते. ती कुटुंबे दुसऱ्या गावात उतरली. मी विचारले, "लिहून काही घेतलं होतं का?" घरधनी म्हणाला, "माणूस ओळखीचा होता." ओळखीच्या माणसाचेही लिहून घ्यावे. त्याने ओळख टिकते.

टूरवाल्याशी ठरविताना माणसे किती हे नव्हे, तर कमीत कमी किती माणसांचे पैसे तो देणार हे ठरवावे. चाळीस म्हणाला तर विचारा, "आली नाहीत तरी किती माणसांचे पैसे?" तो तीस म्हणेल. ठीक. तीस माणसांची निम्मी रक्कम एक महिना आधी, अंतिम आकडा सात दिवस आधी. सातव्या दिवसापर्यंत आगाऊ रक्कम आली नाही तर जागा मोकळी समजली जाईल, असे मेसेजमध्ये लिहून पाठवावे. आणि दिवस उलटला की खरोखर मोकळी करावी. एकदा तसे केले की पुढच्या हंगामात तोच माणूस वेळेवर पैसे पाठवतो, असे मला दोन-तीन घरांनी सांगितले आहे.

पाऊस, बंद रस्ता आणि सरकारी हुकूम

सगळ्यात अवघड प्रश्न हा. घाटघर-रतनवाडीला पाऊस कसा कोसळतो ते तुम्हाला मी सांगायला नको. पाहुणा म्हणतो, "टीव्हीवर पाऊस दाखवताहेत, आम्ही येत नाही, पैसे परत द्या." तुम्ही म्हणता, "अहो, पाऊस बघायलाच तर लोक येतात."

यात दोन गोष्टी वेगळ्या करा. हंगामाचा पाऊस हे रद्द करण्याचे कारण नव्हे. जुलैत भंडारदऱ्याला पाऊस असणार हे पाहुण्याला बुकिंग करतानाच ठाऊक होते. पण दरड पडून रस्ता बंद झाला, किंवा जिल्हाधिकाऱ्यांनी त्या ठिकाणी पर्यटकांना बंदी केली, तर ती गोष्ट पाहुण्याच्या हातातली नाही आणि तुमच्याही नाही. तिथे पैसे अडवून ठेवू नयेत. शेजारच्या पुणे जिल्ह्यात ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणामागे एकाच कुटुंबातील माणसे वाहून गेली. त्यानंतर तिथल्या प्रशासनाने पावसाळी पर्यटनस्थळांवर निर्बंधांचे आदेश काढले. असे आदेश कुठल्याही जिल्ह्यात, कुठल्याही आठवड्यात येऊ शकतात. येतात ते जीव वाचविण्यासाठी. "मागच्या वाटेने या, मी नेतो" असे पाहुण्याला चुकूनही सांगू नका. बुकिंग वाचविण्यासाठी माणूस घालविणे हा कसला व्यवहार?

कायदा यावर काय म्हणतो? भारतीय करार कायदा १८७२ सालचा आहे, आणि त्याचे कलम ५६ सांगते की ठरलेले काम नंतर अशक्य किंवा बेकायदेशीर झाले, तर तो करार रद्दबातल होतो. कलम ६५ सांगते की अशा रद्दबातल करारात ज्याने जे घेतले ते त्याने परत करावे. म्हणजे सरकारी हुकमाने तुमची वाट बंद झाली आणि पाहुणा येऊच शकत नाही, तर "आमच्या नियमात परतावा नाही" एवढ्यावर भागत नाही.

पण परत करणे म्हणजे रोख परत करणे एवढाच मार्ग आहे, असे नाही. पाहुणा राजी असेल तर तारीख पुढे ढकलावी. "काजवे हुकले, आता भात कापणीला या, नव्या तांदळाचा भात खाऊ घालतो," असे म्हटले की दहांतले पाच-सहा तरी मानतात, असा माझा अनुभव. पैसा घरात राहतो, पाहुणाही राहतो. एकच काळजी घ्यावी. बदललेली तारीख वर्षाच्या आतली असावी, एकदाच बदलून मिळावी, आणि काजव्यांच्या शनिवारावर नसावी.

काजव्यांचे बुकिंग घेताना आणखी एक गोष्ट सांभाळा. "काजवे नक्की दिसतील" असा शब्द कोणाला देऊ नका. २०२५ साली मोसमी पाऊस २६ मे रोजीच मुंबईत पोचला, नेहमीपेक्षा १६ दिवस आधी. पाऊस असा लवकर लागला की काजव्यांचे दिवस आखडतात. ज्याने फोनवर हमी दिली त्याला पैसे परत द्यावे लागतात, आणि ज्याने "निसर्गाची गोष्ट आहे, दिसतील अशी आशा" म्हटले त्याला लागत नाहीत.

२०२० सालाने शिकवलेली गोष्ट

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली आणि त्या वर्षीचा काजव्यांचा हंगाम पुरता बुडाला. २०२१ च्या एप्रिलपासून पुन्हा निर्बंध आले आणि तोही हंगाम हातचा गेला. लागोपाठ दोन वर्षे. तेव्हा जगभरच्या घरमालकांना एक गोष्ट कळली, ती तुम्हालाही कळावी.

एअरबीएनबी नावाची जी मोठी कंपनी मोबाइलवरून लोकांची घरे भाड्याने लावून देते, तिच्याकडे प्रत्येक घरमालकाने आपापला परतीचा नियम निवडलेला असतो. मार्च २०२० मध्ये कंपनीने घरमालकांचे नियम बाजूला सारले आणि १४ मार्चपर्यंत झालेल्या बुकिंगपैकी लगेचच्या दिवसांतली रद्द होणारी बुकिंगे पूर्ण परताव्याने रद्द करू दिली. पुढे ही मुदत वाढत गेली. पाहुण्यांचे भले झाले, पण ज्यांनी त्या पैशावर घराचे हप्ते मांडले होते ते घरमालक संतापले. मार्चअखेर कंपनीच्या प्रमुखाने, ब्रायन चेस्की यांनी, घरमालकांशी न बोलता निर्णय घेतल्याबद्दल त्यांची माफी मागितली आणि २५ कोटी डॉलर बाजूला काढले. नियमाप्रमाणे घरमालकाला जे मिळाले असते त्याच्या २५ टक्के देऊ केले. रुपयातले चार आणे म्हणा ना.

यातून घ्यायचे ते एवढेच. कंपनीच्या पानावर तुमचा नियम लिहिलेला असला, तरी मोठ्या आपत्तीत वरचा नियम कंपनीचा चालतो. आजही त्या कंपनीचे मोठ्या आपत्तीसाठी वेगळे धोरण आहे आणि ते तुमच्या नियमाच्या वर आहे. म्हणून आलेले आगाऊ पैसे पाहुणा येऊन जाईपर्यंत आपले समजू नयेत. माझा सल्ला असा की आगाऊ रक्कम वेगळ्या बचत खात्यात ठेवावी. त्यातून पत्रे घेतली, मोटार दुरुस्त केली, आणि मग परतावा द्यायची वेळ आली म्हणजे उसनवारी. हे मी चांगल्या शहाण्या घरांत पाहिले आहे.

कंपनीमार्फत घर लावले असेल तर

आपल्या भागातले बरेच तरुण आता मोबाइलवरून घर लावतात. त्यांनी आपल्या घराला कोणता नियम लागला आहे तो आधी उघडून वाचावा. पुष्कळांनी पहिल्या दिवशी जे आले ते दाबलेले असते. एअरबीएनबीवर फ्लेक्झिबल नियमात पाहुण्याला एक दिवस आधीपर्यंत पूर्ण पैसे परत मिळतात. मॉडरेटमध्ये पाच दिवस आधीपर्यंत. फर्ममध्ये तीस दिवस आधीपर्यंत पूर्ण, तीस ते सात दिवसांत निम्मे, त्यानंतर नाही. शिवाय ऑक्टोबर २०२५ पासून, राहण्याच्या किमान सात दिवस आधी केलेले बुकिंग २४ तासांच्या आत रद्द केले तर पाहुण्याला सगळे परत मिळतात. कंपन्या हे नियम अधूनमधून बदलतात, म्हणून हंगामाआधी एकदा पुन्हा पाहावे.

फ्लेक्झिबल नियम आणि काजव्यांचा शनिवार ही जोडी मात्र घातक. पाहुणा तीन गावांत तीन घरे धरून ठेवतो आणि शुक्रवारी दोन सोडतो. त्याला दंड नाही. तुमची खोली रिकामी.

दुसरी बाजूही पाहा. बुकिंग तुम्ही रद्द केले तर? कंपनी तुम्हाला दंड लावते. तीस दिवसांहून आधी रद्द केले तर बुकिंगच्या रकमेच्या १० टक्के, तीस दिवस ते ४८ तास यामध्ये २५ टक्के, आणि त्याहून उशिरा ५० टक्के. शिवाय ती तारीख तुमच्या कॅलेंडरवर बंद होते, म्हणजे दुसरा पाहुणाही घेता येत नाही. हा दंड आपल्याकडे बहुतेक वेळा का बसतो? फोनवर ओळखीच्या पाहुण्याला खोली दिली, पण मोबाइलवर ती तारीख बंद करायची राहिली. रात्री कंपनीमार्फत दुसरे बुकिंग पडले. ज्या वाडीत नेटवर्क नाही तिथे हे हमखास होते. यावर उपाय असा की कॅलेंडर सांभाळण्याचे काम नेटवर्कमध्ये असणाऱ्या एकाच माणसाकडे द्यावे, मग तो राजूरला शिकणारा मुलगा असो की संगमनेरला दिलेली मुलगी. फोनवर कोणालाही "या" म्हणण्याआधी तिला विचारावे.

आणि कंपनीचे पैसे पाहुणा घरात आल्यानंतर साधारण २४ तासांनी निघतात. ते हातात धरून शुक्रवारचा बाजार करू नये.

आगाऊ रक्कम सगळीच ठेवता येते का?

हा प्रश्न कायद्याचा आहे, थोडक्यात सांगतो. करार कायद्याचे कलम ७४ असे सांगते की करार मोडल्याबद्दल दंड लिहिलेला असला, तरी मिळते ती वाजवी भरपाई, आणि लिहिलेली रक्कम ही तिची कमाल मर्यादा. यावर सर्वोच्च न्यायालयाचा १९६९ सालचा एक निकाल आहे, तो आपल्याला चटकन समजेल, कारण खटला बटाट्याचा आहे. मौला बक्ष यांनी १९४७ साली लष्कराला बटाटे पुरविण्याचा एक, आणि कोंबड्या, अंडी व मासे पुरविण्याचा दुसरा करार केला. अनामत भरली १०,००० आणि ८,५०० रुपये. पुरवठा वेळेवर झाला नाही, म्हणून सरकारने करार मोडले आणि अनामत जप्त केली. न्यायालयाने म्हटले की नुकसान किती झाले ते सरकारला दाखविता आले असते, ते दाखविले नाही, तेव्हा रक्कम परत करा. त्याच निकालात हेही आहे की इसाराची वाजवी रक्कम बुडाली तर त्याला दंड म्हणत नाहीत.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ याचेही तेच वळण आहे. नुकसानीच्या मानाने अगदीच अवाजवी दंड लादणारा करार त्यात अनुचित ठरतो. आणि एक गोष्ट लक्षात ठेवा. या कायद्याने ग्राहकाला आपल्या राहत्या जिल्ह्यात तक्रार करता येते. म्हणजे ठाण्याच्या पाहुण्याने तक्रार केली तर रतनवाडीहून ठाण्याला तुम्हाला जावे लागेल. सहा हजारांसाठी. तेव्हा पायऱ्यांचा नियम, वर केला तसा नुकसानीचा हिशेब आणि पाहुण्याने नियम वाचून "मान्य" म्हटल्याचा मेसेज, या तीन गोष्टी जपून ठेवा. वहीत तारखेसह नोंद असावी.

इथे माझीच एक गोष्ट सांगतो. दोन वर्षांपूर्वी कोकणात एका घरी आम्ही खोली धरली होती. निघायच्या आदल्या दिवशी मुलीला ताप भरला. मी फोन केला, तर घरमालक म्हणाले, "पैसे परत नाहीत." मला राग आला. मग मेसेज वर सरकवून पाहिला, तर नियम लिहिलेला होता, आणि खाली मीच अंगठा दाखवला होता. पुढे त्यांनी आपणहून तारीख बदलून दिली, आणि आम्ही गेलो तेव्हा राग कुठल्या कुठे गेला. लिहिलेला नियम असेल तर सवलत ही सवलत दिसते. नसेल तर तो कमकुवतपणा दिसतो.

खालील मजकूर तुमच्या आकड्यांनी बदलून पाहुण्याला बुकिंगच्या आधी पाठवावा:

"नमस्कार. आपली खोली निम्मी रक्कम मिळाल्यावर पक्की होईल. १५ दिवस किंवा त्याआधी रद्द केल्यास सर्व रक्कम परत. १४ ते ४ दिवस आधी निम्मी आगाऊ रक्कम परत. शेवटच्या ३ दिवसांत आगाऊ रक्कम परत मिळणार नाही. मात्र एकदा तारीख बदलून मिळेल (काजव्यांचे शनिवार सोडून). रस्ता बंद झाल्यास अथवा शासनाने बंदी केल्यास पूर्ण रक्कम परत किंवा नवी तारीख, जे आपण म्हणाल ते. आमच्याकडून रद्द झाल्यास पूर्ण रक्कम लगेच परत करू व गावात दुसरी सोय पाहू. मान्य असल्यास 'मान्य' असे कळवावे."

गावाने मिळून करण्याचे काम

वाट पाहणाऱ्यांची यादी ठेवा. "जागा नाही" म्हणून फोन ठेवू नका, नाव आणि नंबर लिहून घ्या, आणि म्हणा, "कोणी रद्द केलं तर कळवतो." शुक्रवारी संध्याकाळी रद्द झालेली खोली रात्री आठला भरलेली मी पाहिली आहे. गावातल्या सगळ्या घरांनी मिळून मोबाइलवर एक गट केला तर आणखी बरे. एकाकडे रद्द झाले, दुसऱ्याकडे जास्त झाले, पाहुणा इकडून तिकडे. काजव्यांच्या दिवसांत पाहुणा पळविण्यापेक्षा हे परवडते. ज्याच्याकडे पाहुणा आला त्याने वाया जाणारा शिधा विकत घ्यावा, एवढा शेजारधर्म ठरवून टाकावा. रद्द झालेल्या पाहुण्याची जागा भरली, तर त्याची आगाऊ रक्कमही परत करावी. तुमचे नुकसान झालेलेच नाही. तो माणूस पुढच्या वर्षी चार घरे घेऊन येईल.

परताव्याच्या नावाने फसवणूक

शेवटी एक इशारा. एक माणूस फोन करतो, बहुधा लष्करातला अधिकारी असल्याचे सांगतो, पाच खोल्या मागतो, भाव करीत नाही. मग म्हणतो, "आगाऊ रक्कम पाठवतो, तुमच्या मोबाइलवर आलेला कोड स्कॅन करा आणि पिन टाका." दुसरा प्रकार असा की पैसे पाठविल्याचा खोटा फोटो पाठवतो आणि म्हणतो, "चुकून दहा हजार जास्त गेले, तेवढे परत करा," किंवा "बुकिंग रद्द करतो, परतावा द्या." पैसे घेण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही. पिन टाकला म्हणजे पैसे तुमच्या खात्यातून गेले. परतावा देण्याआधी बँकेच्या खात्यात रक्कम खरोखर जमा झाली आहे का ते पाहा. फोटोवर विसंबू नका. परतावा ज्या खात्यातून पैसे आले त्याच खात्यात द्या, दुसऱ्या नंबरवर मागितला तर नाही म्हणा. फसवणूक झालीच तर वेळ न दवडता १९३० या क्रमांकावर फोन करा.

काजव्यांच्या बुकिंगचे फोन एप्रिलमध्येच सुरू होतात. वरचा मजकूर त्याआधी लिहून तयार ठेवावा. ज्यांना आपल्या आकड्यांवर हिशेब मांडून पाहायचा आहे, त्यांनी खर्चाच्या नोंदी घेऊन पंचायत समितीतील कृषी विभागात यावे. आपण बसून पायऱ्या ठरवू. राज्याच्या २०२० च्या कृषी पर्यटन धोरणाखाली पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची राहिली असेल, तर सातबारा उताराही सोबत आणावा.